आईला वाचता येत नसलं तरी पुस्तक घरी जाऊ द्या

"पालकांनाच वाचता येत नाही, मग पुस्तक घरी देऊन उपयोग काय?" केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत, मुख्याध्यापकांच्या बैठकीत आणि कधी कधी खुद्द पालकसभेतही हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे शिक्षक मनापासून विचारतात. दोन शिक्षकांच्या शाळेत एकाच खोलीत पहिली-दुसरी सांभाळणाऱ्या माणसाला आणखी एक काम अंगावर घेताना त्याचा उपयोग विचारावाच लागतो. पण या प्रश्नामागे वाचनाविषयीची एक समजूत दडलेली आहे आणि ती अर्धीच खरी आहे. लहान मुलाला वाचायला शिकवणं म्हणजे अक्षरं शिकवणं, आणि अक्षरं तर ज्याला येतात तोच शिकवणार, अशी ती समजूत. उरलेली अर्धी बाजू कळली की शाळेच्या कपाटातलं पुस्तक निरक्षर घरात का जायला हवं, हेही आपोआप कळतं.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ साली वाचनाची एक साधी मांडणी केली. वाचून समजण्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली, छापलेल्या खुणांचा उच्चार करता येणं. दुसरी, तोच मजकूर कुणी बोलून दाखवला असता तर तो समजणं. या दोन गोष्टींचा गुणाकार होतो, बेरीज होत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. गुणाकारात एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य, मग दुसरी बाजू कितीही भक्कम असो.

उदाहरण घ्या. "ओसरीवर कडब्याचा पाचुंदा पडला होता." पुण्यातल्या फ्लॅटमध्ये वाढलेली तिसरीतली मुलगी हे वाक्य न अडखळता वाचेल, पण तिच्या डोळ्यांपुढे काहीही उभं राहणार नाही. ओसरी नाही, कडबा नाही, पाच पेंढ्या एकत्र बांधलेला तो भाराही नाही. जालना जिल्ह्यातल्या वस्तीवरच्या पहिलीतल्या मुलाला यातलं एक अक्षर वाचता येणार नाही, पण हेच वाक्य त्याला ऐकवलं तर तो विचारेल, "कुणी टाकला? बैलाला घातला नाही का?" वाचनाची एक बाजू तिच्याकडे आहे, दुसरी त्याच्याकडे. शाळा मात्र या मुलाला 'अप्रगत' म्हणून मोकळी होते, कारण त्याच्याजवळ जे आहे ते मोजायची आपल्याला सवयच नाही.

अक्षरांची बाजू शिक्षकाची. मराठीची बाराखडी, जोडाक्षरं, रफार यांना पद्धतशीर शिकवणं लागतं आणि ते काम शाळेतच व्हायला हवं. समजण्याची बाजू मात्र बरीचशी घरात घडते. जन्मापासून सहा वर्षं मूल जे ऐकतं, ज्याला उत्तर देतं, ज्यावर हट्ट करतं, त्यातून ती भरत जाते. मुलांना वाचन-गणित किती येतं हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या 'असर' या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या साधारण २७ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. असे आकडे आले की शाळा घाबरते आणि सगळा वेळ अक्षरं घोटून घेण्यात घालवते. गोष्टीचा तास पहिला कापला जातो. म्हणजे गुणाकारातल्या एका संख्येपायी दुसरी कमी होत जाते. हे थांबवायला हवं, आणि थांबवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग ग्रंथालयाच्या कपाटातच आहे.

इथे कुणी विचारेल, घरात बोलणं तर होतंच, मग पुस्तक कशाला हवं? घरातलं रोजचं बोलणं हाताशी असलेल्या कामाचं असतं. हात धू, शेळी बांध, दप्तर कुठं टाकलंस. दमून आलेल्या आईबापांकडून याहून वेगळं काही निघत नाही, त्यात त्यांचा दोष नाही. पुस्तक घरात आलं की जे समोर नाही त्याविषयी बोलणं सुरू होतं. मराठवाड्यातल्या घरात समुद्र येतो, हत्ती येतो, रुसून बसलेला राजा येतो. मग "तो का रुसला असेल?" असा प्रश्न पडतो, ज्याचं उत्तर घरात कुठेच ठेवलेलं नसतं, ते दोघांना मिळून शोधावं लागतं. जे समोर नाही ते शब्दांतून उभं करायचं, ही पुढच्या सगळ्या शिक्षणाची सवय इथे लागते.

एक प्रसंग जवळून बघू. शनिवारी सकाळची शाळा सुटताना पहिलीतल्या मुलीने एक चित्रपुस्तक घरी नेलंय. पानावर आठवड्याचा बाजार आहे, एक शेळी सुटून मेथीच्या ढिगाकडे निघाली आहे. आजी शेंगा फोडत बसलीय. तिला वाचता येत नाही.

"आजे, बघ, शेळी सुटली."

"सुटली व्हय? कुणाची हाय ती?"

"या बाईची. दावं तुटलंय."

"तुटलंय का कुणी सोडलंय? नीट बघ बरं."

मुलगी चित्रावर वाकते. दाव्याचं टोक कुरतडलेलं काढलंय. "आजे, तिनंच खाल्लंय दावं!"

"मंग आता मेथी बी खाणार. आपल्या तांबडीनं नव्हती का खाल्ली गेल्या साली, शेजारच्या वावरात शिरून?"

"मंग काय झालं हुतं?"

"काय होतंय! भांडण झालं. या बाईचं बी होणार. पान उलट, बघू."

दोन मिनिटांच्या या बोलण्यात आजीने काय काय केलं ते पाहा. उत्तर सांगून टाकण्याआधी प्रश्न विचारला. नातीचं म्हणणं खोडून न काढता तिला पुन्हा चित्राकडे वळवलं, आणि नातीने पुरावा स्वतः शोधला. गोष्ट घरच्या अनुभवाला जोडली. पुढे काय होईल याचा अंदाज बांधला आणि तो खरा ठरतो का हे पाहायला पान उलटायला लावलं. वाचून समजणारा जाणता वाचक मनातल्या मनात नेमकं हेच करत असतो. नात ते आजीबरोबर मोठ्याने करतेय, एवढाच फरक.

या पद्धतीला संवादी वाचन म्हणतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली तिच्यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन ते तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या पालकांना त्यांनी एवढंच शिकवलं की नुसतं वाचून दाखवू नका, मुलाला बोलतं करा, त्याच्या उत्तरात थोडी भर घाला. महिन्याभरात ही मुलं स्वतः बोलण्याच्या चाचण्यांत, नेहमीसारखं वाचून दाखवलेल्या मुलांच्या काही महिने पुढे गेली. ते पालक मध्यमवर्गीय, शिकलेले होते, हे लक्षात ठेवायला हवं. पण पुढे मेक्सिकोतल्या गरीब घरांतल्या मुलांशी मोठ्यांनी असंच बोलून पाहिलं, तेव्हाही मुलांची भाषा सुधारलेली दिसली. यातली बहुतेक कामं करायला अक्षरओळख लागत नाही. मुलाबरोबर बसण्याची तयारी आणि पाच-दहा मिनिटं लागतात.

आपल्याकडे तर याची जमीन आधीपासून तयार आहे. "आटपाट नगर होतं" अशी सुरुवात करून "साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" म्हणणाऱ्या बायकांना गोष्टीची घडण तोंडपाठ असते. गोष्ट सुरू कुठे होते, अडचण कुठे येते, एकच वाक्य तीनदा का येतं, शेवट कसा बांधायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. पहिलीच्या मुलाला पुस्तकातली गोष्ट समजण्यासाठी हेच ज्ञान लागतं.

आता भाषेचा मुद्दा. इथे शिक्षकांनी जरा धीट व्हावं असं मला वाटतं. खानदेशात घरी अहिराणी बोलली जाते, नंदुरबारच्या डोंगरात पावरी आणि भिली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, पालघरमध्ये वारली. पुस्तक प्रमाण मराठीत आहे म्हणून आई गप्प बसते. आपलं बोलणं 'अशुद्ध', ते मुलाच्या कानावर पडलं तर त्याची शाळा बिघडेल, ही भीती तिच्या मनात शाळेनेच कधीतरी पेरलेली असते. म्हणून ती काढण्याचं कामही शाळेचं आहे. चित्र पाहून गोष्ट कोरकूत सांगितली तरी समजण्याची बाजू तितकीच मजबूत होते. कारण, क्रम, अंदाज, भावना यांची समज एका भाषेत कमावली की दुसऱ्या भाषेत ती नव्याने कमवावी लागत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पहिल्या इयत्तांसाठी घरच्या भाषेवर भर आहे. पण आईपर्यंत धोरणाचा कागद पोचत नाही. पालकसभेत बाईंनी किंवा गुरुजींनी उभं राहून "तुमच्या भाषेत सांगा, तेच हवंय" असं म्हटलं तर ते पोचतं.

पुस्तकं कोणती द्यायची? पहिली-दुसरीला आणि अंगणवाडीतल्या मुलांना चित्रं मोठी, मजकूर पानाला एक-दोन ओळी, किंवा मजकूरच नाही अशी. बिनशब्दांचं चित्रपुस्तक निरक्षर घरासाठी सगळ्यात चांगलं, कारण तिथे वाचता येणारा आणि न येणारा एकाच पातळीवर असतात. थोरांची चरित्रं, बोधकथांचे जाडजूड संच, सामान्यज्ञान हे या वयाला नको, आणि दुर्दैवाने आपल्या शाळांच्या कपाटात तेच जास्त सापडतं. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. रक्कम लहान आहे, म्हणूनच निवड शिक्षकांनी पुस्तक हातात घेऊन करावी. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीसह अनेक भारतीय भाषांत चित्रगोष्टी मोफत मिळतात, पातळीनुसार लावलेल्या असतात आणि छापूनही घेता येतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय. त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर खुले केले आहेत, ते जरा मोठ्या भावंडांना उपयोगी पडतात.

आणि कपाट. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय बंधनकारक आहे आणि त्यात गोष्टींची पुस्तकं असावीत असं परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय. पुस्तकं असतातही. पण ती कुलपात असतात, आणि त्याचं कारण बऱ्याचदा आळस नसून 'डेड स्टॉक' असतं. शाळेची प्रत्येक वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढते. बदली झाली की चार्ज देताना एकेक वस्तू मोजून द्यावी लागते. चाळीस रुपयांचं पुस्तक हरवलं तर जाब मलाच विचारतील, वसुली माझ्याकडून होईल, या धाकाने चांगला शिक्षकही किल्ली खिशात ठेवतो. या धाकावर बोलल्याशिवाय 'मुलांना वाचनाची गोडी लावा' असं सांगणं अन्यायाचं आहे.

यावर उपाय शाळेच्याच हातात आहे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. वर्षाच्या पहिल्याच बैठकीत समितीने ठराव लिहावा: ग्रंथालयाची पुस्तकं मुलांना घरी द्यायची आहेत, वापरात काही फाटतील, काही हरवतील, त्यांची यादी समिती दरवर्षी तपासेल आणि नियमाप्रमाणे निर्लेखनाला, म्हणजे नोंदवहीतून कमी करायला, पाठवेल. हा ठराव इतिवृत्तात असला की शिक्षक एकटा पडत नाही. केंद्रप्रमुखांनी भेटीत 'किती पुस्तकं फाटली' हे न विचारता 'किती घरी गेली' हे विचारलं, तर अर्धं काम तिथेच होतं. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम पुस्तकं वापरासाठी असतात, हा आहे. कोऱ्या करकरीत पुस्तकांचं कपाट ही त्या शाळेची अडचण आहे आणि ती तपासणीत अडचण म्हणूनच नोंदली जायला हवी.

देवघेव साधी ठेवावी. पुस्तकावर मोठा क्रमांक, नोंदवहीत मुलाचं नाव, क्रमांक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. पहिलीतलं मूल सही करू शकत नाही, तर त्याने आपली खूण काढावी, कुणी फूल, कुणी ट्रॅक्टर. दर शनिवारी न्यायचं, मंगळवारपर्यंत आणायचं, म्हणजे रविवार हातात राहतो. पुस्तकासाठी कापडी पिशवी असली की पावसाळ्यात आणि डब्याच्या तेलापासून बचाव होतो. जुन्या साडीच्या पिशव्या शिवून द्यायला एखादी आई नक्की मिळते, आणि तिचं शाळेत येणं-जाणं तिथून सुरू होतं. निवड मुलाने करावी. तेच पुस्तक चौथ्यांदा मागितलं तरी द्यावं. लहान मुलं एकाच पुस्तकाकडे परत परत जाऊनच ते आपलंसं करतात.

पालकांना बोलवायचं तर भाषण ठेवू नका. सभेत चार मुलं पुढे बसवा, एक पुस्तक उघडा आणि सगळ्यांसमोर दहा मिनिटं संवादी वाचन करून दाखवा. मग तीन प्रश्न पालकांना म्हणायला लावा: हे काय चाललंय? असं का झालं असेल? आपल्याकडे असं कधी झालं होतं? एवढ्यावर सभा संपली तरी चालेल. कापूस वेचणी चालू असताना दुपारी सभा ठेवली तर कुणी येणार नाही, आणि मग 'पालक उदासीन आहेत' असा शेरा तयार असतो. त्यापेक्षा संध्याकाळी वस्तीवर, पारावर, मंदिराच्या ओट्यावर जावं. २०२२ पासून राज्यात 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या मोहिमेत गावोगावी माता गट तयार झाले. तेच गट पुस्तकांसाठी वापरता येतात, नवी समिती काढायची गरज नाही. ज्यांना पत्रक वाचता येत नाही त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपवर मिनिटभराचा आवाजी निरोप पुरतो. वडिलांना मात्र या सगळ्यातून आपण फार सहज सूट देतो. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं त्यांची, असं सभेत त्यांच्या तोंडावर सांगायला हरकत नाही. आणि चौथीतल्या ताईने पहिलीतल्या भावाला वाचून दाखवणं ही तर दुहेरी कमाई आहे, कारण अडखळत वाचणाऱ्या ताईला न हसणारा श्रोता मिळतो.

मला सगळ्यात जास्त भरवसा वाटतो तो उलट्या दिशेच्या प्रवासाचा, म्हणजे घरातली गोष्ट शाळेच्या कपाटात येण्याचा. महिन्यातून एका आजीला किंवा आजोबांना वर्गात बोलवावं. त्यांनी सांगितलेली गोष्ट शिक्षकाने त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावी, पानाला दोन ओळी अशी पाडावी, चित्रं मुलांनी काढावीत, मुखपृष्ठावर सांगणाऱ्याचं नाव लिहावं, दोरा घालून शिवावी, क्रमांक टाकावा आणि नोंदवहीत चढवावी. मग ते पुस्तक इतर घरांत फिरतं. आयुष्यभर शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहिलेल्या बाईचं नाव पुस्तकावर येतं आणि तिची नात ते बोटाने वाचते. नातीला अक्षर म्हणजे काय, आपलं बोलणं कागदावर राहतं म्हणजे काय, हे यातून जेवढं पक्कं कळतं तेवढं तक्त्यावरून कळत नाही. गोष्टी आटल्या आहेत असं वाटत असेल तर ओव्या विचाराव्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या संशोधकांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या गाणाऱ्या पिढीतल्या बायका अजून आपल्या आसपास आहेत.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. घरी नेलेल्या पुस्तकावर प्रश्नपत्रिका नको, 'यातून काय बोध घेतला' नको, फाटलं तर दंड नको. पालकांना पुस्तक धरून फोटो पाठवायला लावणं नको. त्याने फोटो येतात आणि पुस्तक पिशवीतच राहतं. परत आल्यावर "आजी काय म्हणाली?" एवढं विचारावं. उत्तरावरून घरी काय झालं ते कळतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी वेगळी व्यवस्था लागते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात आणि पाच-सहा महिने कारखान्यांच्या फडांवर राहतात. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे राहतात, त्यांची देवघेव चालू ठेवता येते. जी आईबापांबरोबर जातात त्यांना निघण्याआधी पाच-सहा पुस्तकं एकदम द्यावीत, धाकट्या भावंडाच्या वयाचं एखादं त्यातच घालावं. परतीची तारीख लिहू नये. पहाटेपासून फडात राबणारी आई कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, येऊन रोज पुस्तक उघडेल अशी अपेक्षा ठेवू नये, पण ऊस भरून गाडी येईपर्यंतचे मोकळे तास आणि बरोबर असलेली मोठी भावंडं यांच्यासाठी ती पुस्तकं लागतात. टोळी परत आल्यावर आधी मुलाला बसवून त्यातली एक गोष्ट सांगायला लावावी, मोजदाद नंतर. पिशवीतून तीनच पुस्तकं निघाली तर उरलेल्यांसमोर नोंदवहीत 'हरवले' असं लिहावं आणि त्याच दिवशी त्याला नवीन पुस्तक निवडू द्यावं.